टर्बो गाड्यांचे रीमॅपिंग : कंपनीने राखून ठेवलेली ताकद नेमकी कोणासाठी असते?

चाकणचा_अभियंता :

टर्बो पेट्रोल गाडी घेऊन वर्ष होते न होते तोच मालकाच्या कानावर एक वाक्य हमखास येते : कंपनीने इंजिनात २५-३० टक्के ताकद राखून ठेवलेली असते, लॅपटॉप जोडून ती मोकळी करायची, एवढेच. यालाच रीमॅपिंग म्हणतात. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्यातले जे तक्ते ट्यूनर मंडळी बदलतात ते मुळात भरण्याचेच काम मी करतो, म्हणून हे वाक्य कुठवर खरे आहे आणि कुठे फसवे ठरते, हे सविस्तर मांडावेसे वाटले. कोणत्याही ट्यूनरचे नाव घेऊन वाद घालायचा नाही. प्रतिसादांतही ते पथ्य पाळावे, ही विनंती.

आजच्या इंजिनात अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल थ्रॉटलला थेट जोडलेले नसते. पेडल म्हणजे ईसीयूकडे केलेली टॉर्कची मागणी असते. ती पुरी करायला सिलिंडरमध्ये किती हवा भरावी लागेल, त्यासाठी टर्बोने (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून हवा दाबणाऱ्या पंख्याने) किती बूस्ट, म्हणजे वाढीव दाब, द्यावा, वेस्टगेट (टर्बोला वगळून वायू सोडणारी झडप) कितपत मिटलेले असावे, ठिणगी किती अंश आधी पडावी आणि पेट्रोल किती सोडावे, हे ईसीयू एकामागून एक ठरवत जातो. या प्रत्येक पायरीवर मर्यादांचे तक्ते बसवलेले असतात : गिअरबॉक्सला सोसेल इतकाच टॉर्क, टर्बोच्या दांड्याला झेपेल इतकाच वेग, एक्झॉस्टच्या धातूला मानवेल इतकेच तापमान. ‘स्टेज वन’ म्हणजे एकही सुटा भाग न बदलता हे तक्ते बदलणे.

आता थोडे गणित. न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला लिटरमधल्या आकारमानाने भागून ०.१२५७ ने गुणले की पिस्टनवर पडणारा सरासरी दाब बारमध्ये मिळतो. स्विफ्टमधल्या जुन्या १.२ लिटर बिगरटर्बो इंजिनाचा टॉर्क ११३, म्हणून दाब सुमारे १२ बार. फोक्सवॅगन पोलो जीटीमधल्या १.२ टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १७५, दाब १८ बार. २०२० मध्ये त्याच पोलोत १.० टीएसआय आले. टॉर्क तोच १७५, पण इंजिन लहान, म्हणून दाब २२ बार. म्हणजे नुसत्या कारखान्यातल्या सॉफ्टवेअरवरच हे छोटे इंजिन आधीच्यापेक्षा अधिक ओझे वाहत होते. त्यावर स्टेज वन चढवून टॉर्क २३५ केला की तो दाब साडेएकोणतीस बारवर जातो. जाहिरातीत मात्र फक्त ‘६० न्यूटन मीटर जास्त’ एवढेच छापलेले असते.

ट्यूनरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हेच १.० टीएसआय युरोपात ११५ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) रूपात २०० न्यूटन मीटर देत असे. आपल्याकडे ते १७५ आणि नंतर कुशाक-टायगुनमध्ये १७८ वर ठेवले गेले. तेव्हा ‘कंपनीने हात राखून ठेवला आहे’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु तिथल्या साध्या पंपावर ९५ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते (ऑक्टेन जितके जास्त, तितके पेट्रोल दाबाने आपोआप पेटायला अवघड). आपल्याकडे कुशाक बाजारात आली तेव्हा साध्या पेट्रोलचे प्रमाण ९१ होते.

हात राखून ठेवायचे कारण इथेच आहे. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे हे तक्ते भरताना, आमच्यासमोर एक गाडी नसते. त्याच तक्त्यांवर चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून चढणारी गाडी चालली पाहिजे, लेहच्या ३,५०० मीटरवरची चालली पाहिजे, तालुक्याच्या पंपावर कसेही पेट्रोल भरलेली चालली पाहिजे, आणि प्लग वेळेवर न बदललेली, एअर फिल्टर बुजलेली, एक इंजेक्टर जरासा कमी सोडणारी गाडीसुद्धा मोडता कामा नये. राखून ठेवलेली ताकद या सगळ्यांत आधीच वाटून दिलेली असते. थंड सकाळी, नव्या गाडीत, उत्तम पेट्रोल भरून डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) जे उरलेले दिसते, ते त्या दिवसापुरते उरलेले असते.

एक उदाहरण देतो. समजा रीमॅपमध्ये टर्बोनंतरच्या दाबाचे लक्ष्य २.२ बार निरपेक्ष ठेवले आहे. मुंबईत बाहेरचा दाब साधारण १ बार, म्हणून टर्बोला हवा २.२ पट दाबावी लागते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. तिथे हे गुणोत्तर अडीचच्या थोडे वर जाते. लेहला बाहेरचा दाब ०.६५ बारच्या आसपास, म्हणजे तेच लक्ष्य गाठायला टर्बोला जवळजवळ ३.४ पट दाबावे लागेल. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो. त्याला तिथे आणखी पळवणे म्हणजे ब्लेडचे आणि बेअरिंगचे आयुष्य खर्चणे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये उंचीनुसार लक्ष्य खाली आणणारा तक्ता असतो. रीमॅप करणाऱ्याने त्याला हात लावला की नाही, लावला तर काय केले, हे विचारणारा ग्राहक मला तरी अजून भेटलेला नाही.

थोडक्यात माझा मुद्दा एवढाच की किती टक्के वाढ झाली हा प्रश्न दुय्यम आहे. टॉर्क कोणत्या आरपीएमला वाढवला, आणि तो वाढवताना कोणते संरक्षण बंद पडले, यावर इंजिनाचे भवितव्य ठरते.

निळी_हॅचबॅक :

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण दुसरी बाजूही नोंदवली जावी म्हणून लिहितो. माझ्या एक लिटर टर्बो गाडीला स्टेज वन करून बराच काळ लोटला आहे. ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या अर्ध्यावरच बदलतो, पेट्रोल शक्यतो ९५ ऑक्टेन किंवा त्याहून वरचे, आणि द्रुतगती मार्गावर ट्रक ओलांडताना तिसऱ्या गिअरवर न उतरता पाचव्यातच काम भागते, हे सुख शब्दांत सांगता येत नाही. आजतागायत चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. अशा हजारो गाड्या रस्त्यावर आहेत. सगळ्याच मोडत असत्या तर हा धंदा केव्हाच बसला असता.

चाकणचा_अभियंता :

निळी_हॅचबॅक, सगळ्याच मोडतात असे मी म्हटलेले नाही, आणि ऑइलच्या बाबतीत आपण घेत असलेली काळजी योग्यच आहे. परंतु ज्यांच्या गाड्या व्यवस्थित चालतात ते समूहांत लिहितात. ज्यांचे इंजिन उघडावे लागते त्यांपैकी बरेच जण मूळ सॉफ्टवेअर परत चढवून वॉरंटीचा अर्ज करतात आणि गप्प बसतात. त्यामुळे समूहांतल्या अनुभवांवरून प्रमाण काढता येत नाही, ना आपल्या बाजूने ना माझ्या.

दिव्याविषयी मात्र सावध करतो. नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणे) होऊ लागले की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो आणि गाडी चालत राहते. यासाठी दिवा लावायचा नसतोच, कारण हे त्याचे रोजचे काम आहे. दिवा लागला नाही याचा अर्थ इंजिन सुखात आहे असा होत नाही.

आणि आपण वर्णन केलेले सुख, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण पेडल दाबून ट्रक ओलांडणे, नेमके तेच मला सर्वांत धोक्याचे वाटते. का, ते खाली लिहितो. तूर्त एवढेच की ओव्हरटेकच्या वेळी एक गिअर खाली उतरावे.

स्पॅनर_कोल्हापूर :

माझे गॅरेज आहे आणि पंधरा-वीस वर्षांत इंजिने पुष्कळ खोलली, म्हणून आकडेमोडीऐवजी टेबलावर काय दिसते ते सांगतो.

मॅन्युअल गाडीत पहिला बळी क्लचप्लेटचा जातो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर पेडल दाबले की आरपीएम वर जातो, गाडी मात्र जागची हलत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो की बाबा, हा तुझ्या गाडीचा फ्यूज आहे, तो जळाला हे नशीब समज. पण पुष्कळ लोक लगेच बाहेरून जाड क्लच मागवून बसवतात, आणि मग जो मार क्लच खात होता तो पुढे गिअरबॉक्सवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो.

दुसरे म्हणजे रबरी होज. इंटरकूलरचे होज मूळ बूस्टसाठी केलेले असतात. तीन-चार वर्षांनी ते ऑइलच्या वाफेने नरम पडलेले असतात आणि वाढीव दाबाला क्लिपपाशी निसटतात. गाडी एकदम ओढायची बंद होते, मालक घाबरतो, पण हे काम किरकोळ आहे. उलट होज न सुटता बारीक फाटला तर वाईट, कारण गळणारी हवा भरून काढायला टर्बो जास्त फिरत राहतो आणि ईसीयू लक्ष्य गाठून समाधानी असतो.

प्लग आणि कॉइलही लवकर जातात. दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल कमजोर असली की मिसफायर. यात न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते. कन्व्हर्टरची किंमत ऐकून लोक तो काढून सरळ पाइप बसवा म्हणतात. मी ते काम करत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटणे. गिऱ्हाईक सांगते की गाडी ऑइल खाते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आयडलला थरथरते. कॉम्प्रेशन लावून बघावे तर एका सिलिंडरला कमी. हेड उतरवले की बोअरवर ओरखडे आणि पिस्टनचा टवका उडालेला. असे इंजिन आले की आधी गाडी रीमॅप केली आहे का, असे विचारतो. ‘नाही’ हेच उत्तर आधी मिळते आणि हेड उतरल्यावर बदलते. मात्र रीमॅप नसलेल्या गाड्यांतही मी ही कड तुटलेली पाहिली आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

डिझेलचा_पांथस्थ :

चर्चा पेट्रोलभोवतीच चालली आहे. महाराष्ट्रात हा प्रकार खरा रुजला तो डिझेल गाड्यांत. फियाटचे १.३ मल्टिजेट, स्विफ्टमधल्या रूपात ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर देणारे, २,००० आरपीएमच्या खाली अगदी मरगळलेले असे, आणि त्यावर उपाय म्हणून लोकांनी ट्यूनिंग बॉक्स बसवले. बॉक्स आणि रीमॅप यांत फरक आहे का? बॉक्स काढून टाकता येतो, म्हणून तो सुरक्षित, अशी समजूत आहे.

चाकणचा_अभियंता :

फरक मोठा आहे, आणि ती समजूत उलटी आहे असे माझे मत आहे. साधा बॉक्स कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) दाबाचा संवेदक आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि ईसीयूला खोटे सांगतो : रेलमध्ये १,४०० बार असताना १,२५० आहेत असे. ईसीयू दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून अधिक डिझेल जाते, ताकद वाढते. पण ईसीयूच्या हिशेबात आपण पूर्वीइतकेच डिझेल सोडतो आहोत, म्हणून धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, तापमानाचा अंदाज हे सगळे चुकलेल्या आकड्यावर उभे राहते. चांगला रीमॅप निदान हे तक्ते एकमेकांशी जुळते ठेवून बदलतो. काढून टाकता येतो एवढा गुण वगळला तर बॉक्समध्ये घेण्यासारखे काही नाही.

डिझेलमध्ये नॉकिंगची भीती नसते, तिथे शत्रू तापमान आणि काजळी. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर निघतो आणि एक्झॉस्ट तापतो. लांब घाट, पूर्ण भरलेली गाडी आणि एसी अशी सांगड पडली की टर्बोच्या टर्बाइनवर आणि पिस्टनच्या माथ्यावर त्याचा परिणाम होतो. हलत्या पात्यांच्या टर्बोत काजळी पात्यांच्या कड्यात बसते, पाती अडकतात, आणि बूस्ट कधी जास्त तर कधी कमी मिळू लागतो. बीएस ६ गाड्यांत तर पुढे डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, आहे. तो काजळी साठवतो आणि ठरावीक अंतराने जाळून टाकतो. काजळी वाढली की जाळण्याच्या फेऱ्या वाढतात, त्या फेऱ्यांत सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, आणि पातळ झालेले ऑइल बेअरिंगला पुरत नाही. शहरात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने बीएस ६ डिझेलला हातही लावू नये.

इसारकाठची :

म्युनिकहून लिहिते आहे. इथे ट्यूनिंगला बंदी नाही, पण शिस्त आहे. ताकद वाढवणारा कोणताही बदल तांत्रिक संस्थेकडून तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. तसे न केल्यास गाडी रस्त्यावर चालवण्याची मान्यताच संपुष्टात येते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. यामुळे ट्यूनरला प्रमाणपत्र मिळवण्यासाठी एक्झॉस्टची चाचणी, आवाजाची चाचणी करावी लागते आणि गल्लीबोळातले दुकानदार आपोआप गळतात, निदान कागदोपत्री तरी.

परंतु कारखान्याची राखीव ताकद गृहीत धरू नये, याचे उदाहरण इथलेच आहे. फोक्सवॅगनचे १.४ टीएसआय ट्विनचार्जर, सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही असलेले, २००५ मध्ये आले आणि २००९ मध्ये त्याला जगातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कारही मिळाला. त्याच इंजिनाच्या १६० आणि १८० पीएसच्या रूपांत पिस्टनच्या कडा तुटण्याच्या तक्रारी पुढे गाजल्या, आणि त्या गाड्यांपैकी अनेक मूळ सॉफ्टवेअरवरच होत्या. तिथे २५ टक्के सोडाच, काहीच शिल्लक नव्हते. कोणत्या इंजिनात किती शिल्लक आहे हे इंजिनागणिक वेगळे असते, पण स्टेज वनची जाहिरात मात्र सगळ्यांना तीच टक्केवारी देते.

चाकणचा_अभियंता :

ताई, उत्तम उदाहरण दिलेत, आणि त्यावरूनच मी निळी_हॅचबॅक यांना कबूल केलेल्या विषयाकडे वळतो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत १,५०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, जोराचा भार असताना, ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. इंजिन ठोकते त्याहून हा वेगळा प्रकार. पहिल्या रिंगेच्या वरच्या फटीत ऑइल आणि पेट्रोल यांचे थेंब साठतात, त्यातला एखादा तापून उडतो आणि वातीसारखे काम करतो. पिस्टन अजून वर येतच असतो आणि वरून स्फोट होतो. दाब नेहमीच्या कमाल दाबाच्या दुपटीवरही जाऊ शकतो. ठिणगी मागे घेऊन ईसीयूला यावर उपाय करता येत नाही, कारण ठिणगीचा इथे संबंधच नसतो. असा एकच झटका रिंगेची कड तोडायला किंवा कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरेसा असतो. स्पॅनरसाहेबांनी रीमॅप नसलेल्या गाड्यांत पाहिलेल्या तुटक्या कडांमागे हेही एक कारण असू शकते.

ऑइलच्या रसायनाशी याचा थेट संबंध आहे. कॅल्शियमयुक्त डिटर्जंट जास्त असले की हे झटके वाढतात आणि मॅग्नेशियमयुक्त असले की कमी होतात, असे दिसून आल्यावर २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन संस्थेने एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही प्रतवारी आणली. थेट फवारणीची टर्बो पेट्रोल गाडी असणाऱ्याने, रीमॅप असो वा नसो, डब्यावर एसपी लिहिलेले, शिवाय गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कंपनीच्या मानकाचे ऑइल वापरावे. स्वस्त जुन्या प्रतीचे ऑइल दुप्पट वेळा बदलल्याने हा धोका टळत नाही.

आता यात रीमॅपची भूमिका. मालकाला सीटमध्ये पाठ दाबली गेल्याचा जो आनंद हवा असतो तो १,८०० आरपीएमला टॉर्क एकदम उभा केल्याने मिळतो. ५,००० ला तोच टॉर्क टिकवून धरला तर घड्याळात गाडी अधिक वेगवान ठरते, पण पाठीला तेवढे जाणवत नाही. म्हणून बाजारातले बहुतेक रीमॅप तळाशी टॉर्क ओततात. वरच्या आरपीएमला पिस्टन इतक्या झपाट्याने खाली जातो की कमाल दाबाचा काळ थोडा असतो. खालच्या आरपीएमला तोच दाब रॉडवर आणि बेअरिंगवर अधिक काळ बसून राहतो. ३,००० च्या वर १५ टक्के वाढ आणि १,८०० ला ३० टक्के वाढ, या दोहोंतून एक निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून पहिली निवडेन.

ड्युअल_क्लच_पीडित :

गिअरबॉक्सचे काय? माझ्याकडे सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे.

चाकणचा_अभियंता :

तो डीक्यू २०० असेल, तर त्याची रचना २५० न्यूटन मीटरपर्यंतची आहे. हा आकडा कंपनी स्वतः किती गांभीर्याने घेते ते पाहा : १९२ पीएसची पोलो जीटीआय मॅन्युअलमध्ये ३२० न्यूटन मीटर देत असे, पण डीएसजी जोडला की सॉफ्टवेअरमधून तोच टॉर्क २५० वर आणला जाई. २०१६ मध्ये आपल्याकडे आलेली जीटीआय हीच दुसरी. आजच्या १.५ टीएसआयमध्ये मूळचाच टॉर्क २५० आहे, म्हणजे रीमॅपचा पहिला न्यूटन मीटरसुद्धा मर्यादेबाहेरचा. शिवाय या गिअरबॉक्सचे मूळ आरोग्यही वादातीत नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये त्याचे ऑइल बदलून देण्याची मोहीम काढली होती. पुण्या-मुंबईच्या रांगत्या वाहतुकीत कोरडे क्लच तसेही तापलेले असतात. ‘गिअरबॉक्सचेही ट्यूनिंग करून देतो’ म्हणून दाबाची मर्यादा वाढवून मिळते. त्याने क्लच घसरायचे थांबतात, गिअरबॉक्समधले दाते, शाफ्ट आणि बेअरिंग मात्र होते तेवढ्याच ताकदीचे राहतात.

विमा_पाहणीदार :

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपासून वेगळी पडेल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारीमागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी ईसीयू तपासत नाही हे खरे. पण मोठ्या अपघातानंतर तपासणीत वाढीव ताकद निघाली आणि ती विमा कंपनीला कळवलेली नसली, तर दाव्यावर वाद उभा राहतो आणि त्यात विमेदाराची बाजू लंगडी असते.

निळी_हॅचबॅक :

चर्चेतून बरेच उमजले, विशेषतः तळाच्या टॉर्कविषयी. आता ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले, पेट्रोल सगळीकडे आले आहे आणि त्याचे ऑक्टेन ९५ आहे. मग आपण सुरुवातीला मांडलेला ९१ चा आक्षेप उरतो का? दुसरे, असलेला रीमॅप ठेवायचाच असेल तर नेमके काय तपासावे?

चाकणचा_अभियंता :

ऑक्टेनचा आक्षेप बराचसा निवळतो, हे मान्य. इथेनॉल बाष्प होताना भरपूर उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंगला तो उत्तम विरोध करतो. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने दर लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा, तर ई २० ला साधारण साडेतेरा. तेवढ्याच हवेला अधिक इंधन सोडावे लागते. बूस्ट वाढवलेल्या गाडीत इंजेक्टर आणि उच्चदाब पंप आधीच टोकाला असतील, तर वरच्या आरपीएमला रेलचा दाब ढासळतो आणि मिश्रण दाट हवे असते तेव्हाच पातळ पडते. जुन्या इंधनावर केलेला रीमॅप ई २० वर पुन्हा तपासून घेतलाच पाहिजे.

तपासायचे म्हणाल तर ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या निदानाच्या सॉकेटला, जोडून नोंदी घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून वरपर्यंत, रिकाम्या रस्त्यावर किंवा त्याहून बरे म्हणजे डायनोवर, आणि थंडीत नव्हे तर एप्रिल-मेच्या दुपारी. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे घेतली जाते ते पाहा : एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे होणे चालते, पण एकच सिलिंडर सातत्याने चार-पाच अंश मागे राहत असेल तर रीमॅप त्या पेट्रोलला झेपत नाही. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेलचा दाब या जोड्या एकमेकींना चिकटून धावल्या पाहिजेत. इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान सलग तिसऱ्या वेळी किती चढते तेही टिपा. याखेरीज ट्यूनरला एक प्रश्न विचारा : एक्झॉस्टच्या तापमानाचे संरक्षण मूळ मर्यादेवरच आहे का? बहुतेक छोट्या गाड्यांत ते तापमान मोजणारा संवेदकच नसतो, ईसीयू अंदाज बांधतो आणि त्यानुसार जादा पेट्रोल सोडून थंडावा देतो. हा अंदाजच बिघडवलेला असेल तर बाकी सगळ्या नोंदी सुंदर दिसूनही टर्बो तापत राहील. उत्तर द्यायला जो ट्यूनर टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मूळ फाइल परत चढवून घ्यावी.

डिझेलचा_पांथस्थ :

जुनी टर्बो गाडी घेताना आधीच्या मालकाने रीमॅप केला होता का, हे ओळखता येते का?

स्पॅनर_कोल्हापूर :

पुरतेपणी नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तिचा पडताळा-क्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळवता येतो, आणि काही ईसीयूंत किती वेळा लिहिले गेले त्याची मोजणीही असते. पण हुशार ट्यूनर तेवढे सांभाळून घेतो. म्हणून मी कागद बाजूला ठेवून गाडी बघतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर क्लच घसरतो का, होजच्या क्लिपा बदललेल्या आहेत का, इंजिनाच्या वायरिंगमध्ये मधेच नवी टेप गुंडाळलेली आहे का, कारण बॉक्स काढला तरी टेपचा चिकटपणा राहतो. त्यानंतर प्लग काढून चारही किंवा तीनही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, हवा सोडून गळतीची चाचणी, आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून बोअरच्या भिंती. एवढे करायला मालक नकार देत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नका, असे मी गिऱ्हाइकाला सांगतो.